'क किंवा क नाही' : नेटवर्क ड्रायव्हर आणि अवलंबनाचं तर्कशास्त्र

 

आजचा विषय फळ्यावर लिहीत होतो तेव्हा पुढच्या रांगेतून प्रश्न आला, "सर, तत्त्वज्ञान सोडलंत का?" सोडलेलं नाही. (हशा) उलट मी आज तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यावरच बोलणार आहे. तर्कशास्त्र शिकवताना एक वाक्य आम्ही सुरुवातीलाच फळ्यावर लिहितो : 'क किंवा क नाही.' उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही. हवामान खात्यानं असं भाकीत केलं तर आपण म्हणू, मग तुम्हांला पगार कशाचा? हे वाक्य नेहमीच खरं असतं आणि म्हणूनच त्यातून काही कळत नाही. पाठ्यपुस्तकात याला सर्वतः सत्य विधान म्हणतात.

आता गंमत अशी, की लिनक्स नावाची जी कार्यप्रणाली आहे, जिच्या गाभ्यावर आपल्या अँड्रॉइड फोनपासून महासंगणकापर्यंत सगळं चालतं, तिच्या नेटवर्कच्या विभागात हेच वाक्य लिहिलेलं आहे. "आयपीव्ही६ किंवा आयपीव्ही६ नाही." असं, शब्दशः. ते लिहिणारी माणसं बुद्धिमान आहेत, आणि वाया घालवायला त्यांच्याकडे वेळ नाही. मग हे निरर्थक वाक्य तिथे काय करतंय? ते निरर्थक नाही, हे मला आज दाखवायचं आहे. तिथे पोहोचायला थोडी वाट चालावी लागेल, सोबत राहा.

आधी हे सांगतो की याचं आपल्याला काय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. मीरा रोडसारख्या ठिकाणी घराघरांत, क्लासेसमध्ये, सोसायटीच्या ऑफिसात आठ-दहा वर्षांचे संगणक पडून आहेत. विंडोज ११ त्यांच्यावर चढत नाही. मग पर्याय दोन : भंगारवाला किंवा लिनक्स. लिनक्स घालायचं म्हटलं की सगळ्यांत आधी एकच प्रश्न येतो, इंटरनेट चालेल का? कारण ते नाही चाललं तर पुढचं काहीच दुरुस्त करता येत नाही. दुरुस्तीची साधनंही इंटरनेटवरूनच उतरवायची असतात. नेटवर्क ड्रायव्हर हा म्हणूनच पहिला. चांगलं चालणारं यंत्र कचऱ्यात जायचं की नाही, हे कित्येकदा एवढ्यावर ठरतं.

ड्रायव्हर म्हणजे काय ते दोन वाक्यांत. संगणकाच्या आत नेटवर्कची एक चिप असते. तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारा जो छोटा प्रोग्राम, तो ड्रायव्हर. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, हे सगळे ड्रायव्हर आपल्या पोटात बाळगतो. मूळ लिखाण सगळ्यांसाठी खुलं आहे. ते कंपाइल करून, म्हणजे यंत्राला कळेल अशा रूपात आणून, कर्नेल तयार होतो. तयार करताना विचारलं जातं, काय काय घालू? अशा प्रश्नांची संख्या दहा हजारांच्या कितीतरी वर आहे. सगळेच कोणी वाचत नाही, घाबरू नका.

या प्रत्येक प्रश्नाला, निदान ड्रायव्हरच्या प्रश्नांना, उत्तरं तीन असतात. वाय, एन आणि एम. वाय म्हणजे घाल, कर्नेलच्या अंगातच बसव. एन म्हणजे नको. एम म्हणजे मॉड्यूल : तयार करून बाजूला ठेव, लागेल तेव्हा आत घेऊ. आपल्या वन-बीएचकेमध्ये भिंतीत बसवलेलं कपाट असतं आणि दाराआड उभं केलेलं घडीचं टेबलही असतं. दोन्ही घरातच आहेत. पण कपाट पहिल्या दिवसापासून जागेवर आहे, टेबल पाहुणे आले की उघडायचं.

इथे तर्कशास्त्राचे विद्यार्थी कान टवकारतात, कारण तीन उत्तरं आली म्हणजे तीन मूल्यांचं तर्कशास्त्र आलं. यान लुकासिएविच या पोलिश तर्कशास्त्रज्ञानं १९२० मध्ये ते मांडलं. त्याच्यापुढे ॲरिस्टॉटलचा जुना प्रश्न होता : 'उद्या समुद्रात लढाई होईल' हे वाक्य आज खरं की खोटं? लुकासिएविच म्हणाला, दोन्ही नाही, त्याला तिसरं मूल्य द्या. खोट्याला ०, खऱ्याला १, मधल्याला अर्धा. 'आणि' म्हणजे दोघांतलं लहान, 'किंवा' म्हणजे दोघांतलं मोठं, 'नाही' म्हणजे एकातून वजा.

लिनक्सच्या मंडळींनी हेच केलं, फक्त अपूर्णांक टाळले. एन म्हणजे ०, एम म्हणजे १, वाय म्हणजे २. 'आणि'ला लहान, 'किंवा'ला मोठं, 'नाही'ला दोनातून वजाबाकी. नियम अगदी तेच. पण अर्थात एक फरक आहे आणि तो विसरू नका. लुकासिएविचचा मधला पर्याय म्हणजे 'अजून ठरलेलं नाही'. कर्नेलमधला एम म्हणजे 'नक्की आहे, पण नंतर'. इथे कोणाला जैनांचा स्याद्वाद आठवेल. मोह आवरा, ते प्रकरण वेगळं आहे. एममध्ये संदिग्धता कसलीही नाही. त्यात आहे तो क्रम, आधी आणि नंतर. हा 'नंतर' लक्षात ठेवा, सगळी गोष्ट त्याच्यावर फिरणार आहे.

ही प्रश्नपत्रिका जिच्यात लिहितात त्या भाषेचं नाव के-कॉन्फिग. तिच्यापूर्वी वेगळी पद्धत होती, ती वाढत्या कर्नेलला अपुरी पडू लागली. एरिक रेमंड या नामांकित लेखक-प्रोग्रामरनं २००० च्या सुमारास सीएमएल-टू नावाची नवी व्यवस्था पुढे आणली. त्यावर बरेच वाद झाले आणि ती स्वीकारली गेली नाही. शेवटी ऑक्टोबर २००२ मध्ये, २.५.४५ या आवृत्तीत, रोमन झिपेल यांची के-कॉन्फिग आली. वीस वर्षांहून अधिक काळ तीच चालू आहे.

आता मूळ मुद्दा. एका ड्रायव्हरला दुसऱ्या कशाची तरी गरज असते. ती गरज सांगायची कशी? के-कॉन्फिगनं मुख्य दोन शब्द दिले : 'डिपेन्ड्स ऑन' आणि 'सिलेक्ट'.

'डिपेन्ड्स ऑन' म्हणजे अवलंबून आहे. पीसीआय नावाच्या जोडणीवर बसणारं नेटवर्क कार्ड म्हणतं, पीसीआय असेल तर मी. नसेल तर मला विचारूच नका. आणि खरोखरच विचारलं जात नाही. पीसीआय बंद असेल तर त्या कार्डाचा प्रश्न यादीत दिसतच नाही. यात एक मर्यादाही आली : अवलंबून असणारा आपल्या आधारापेक्षा मोठा होऊ शकत नाही. आधार एम असेल तर हा फार तर एम, वाय नाही.

'सिलेक्ट' याच्या उलट. तो म्हणतो, मला घेतलंत ना, मग याला घेतलंच पाहिजे. लग्नाच्या आमंत्रणात असतं ना, एकाला बोलावलं की त्याच्याबरोबर आणखी चौघं येतात, तसं. सोयीचं आहे खरं. वापरणाऱ्याला आतल्या बारकाव्यांची उठाठेव करावी लागत नाही. इंटेलचं जुनं गिगाबिट कार्ड घेतलं की डेटा तपासण्याची सीआरसी-३२ ही गणिती दिनचर्या आपोआप येते; ती वेगळी मागायला कोणाला सुचणार?

पण सिलेक्टमध्ये एक दांडगाई आहे. ज्याला ओढून आणतोय त्याच्या स्वतःच्या गरजा पुऱ्या झाल्यात का, हे तो बघत नाही. काकांना ओढून आणलं, पण काकांना जिना चढवत नाही आणि लिफ्ट बंद आहे, याची चौकशी कोणी केली? मग तयारी चालू असताना इशारा छापला जातो, की अमक्याच्या अटी पुऱ्या न होताच त्याला निवडलं गेलंय, आणि बांधणी मोडते. कर्नेलची अधिकृत पुस्तिकाही म्हणते, सिलेक्ट जपून वापरा. जे यादीत दिसत नाही आणि ज्याच्या स्वतःच्या अटी नाहीत, अशालाच शक्यतो निवडा.

दोन्ही शब्द एकत्र चुकीचे वापरले की आणखी एक प्रकार घडतो. पहिला दुसऱ्याला सिलेक्ट करतो आणि दुसरा पहिल्यावर डिपेन्ड असतो. के-कॉन्फिग हे पकडतं आणि सांगतं, अवलंबनाचं वर्तुळ झालंय. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण आपल्या नैयायिकांनी याची वर्गवारी कधीच करून ठेवली आहे. स्वतःवरच टेकणारं ते आत्माश्रय. दोघं एकमेकांवर टेकले तर अन्योन्याश्रय. तीन किंवा जास्त जणांचं वर्तुळ झालं तर चक्रक. आणि शेवटच नाही, प्रत्येकाला पुढचा आधार लागतोच, ती अनवस्था. शेवटची कर्नेलमध्ये होत नाही, कारण यादी कितीही मोठी असली तरी संपणारी आहे. पहिल्या तीन मात्र आजही सापडतात.

(एक श्रोता : नागार्जुनाचं अग्नी आणि इंधन?)

बरोबर, मूलमध्यमककारिकेचं दहावं प्रकरण. इंधन नसेल तर अग्नी नाही, पण जळत नसेल तर त्याला इंधन कसं म्हणायचं? नागार्जुन तिथून शून्यतेकडे जातो. प्रोग्रामरला तिकडे जाण्याची मुभा नाही, त्याला संध्याकाळपर्यंत कर्नेल बांधून द्यायचा असतो. (हशा)

बरं. आता अवघड जागा. डिपेन्ड म्हणजे 'तो असेल तरच मी'. सिलेक्ट म्हणजे 'मी असेन तर तोही'. पण पुष्कळ नेटवर्क ड्रायव्हरांचं नातं या दोन्हींत बसत नाही. ते म्हणतात : 'तो असेल तर मी त्याचा उपयोग करीन. नसेल तर माझं अडत नाही.'

उदाहरण घेऊ. वायरगार्ड. दोन संगणकांमध्ये इंटरनेटवरून सुरक्षित बोगदा तयार करणारा हा ड्रायव्हर मार्च २०२० मध्ये, ५.६ या आवृत्तीत, लिनक्समध्ये आला. घरून ऑफिसचं काम करणाऱ्या तुमच्या मुला-नातवंडांना हे नाव माहीत असेल. आयपीव्ही६ म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची नवी, लांब पद्धत. वायरगार्डला आयपीव्ही६ असेल तर हवंच आहे, नसलं तर जुन्या पत्त्यांवर तो सुखानं चालतो. मग अटच कशाला घालायची? काही लिहायलाच नको!

लिहायला हवं, कारण तीन शक्यता आहेत. आयपीव्ही६ कर्नेलच्या अंगात आहे, म्हणजे वाय : वायरगार्ड कसाही असो, चालेल. आयपीव्ही६ नाहीच, म्हणजे एन : वायरगार्ड त्याचा उल्लेख वगळून तयार होतो, चालेल. तिसरी : आयपीव्ही६ एम आहे आणि वायरगार्ड वाय. इथे घोटाळा. वायरगार्ड अंगात बसवलेला, पहिल्या क्षणापासून हजर. तो आयपीव्ही६ च्या दालनातली काही कामं नावानं बोलावतो, पण ते दालन अजून उघडलेलंच नाही, ते मागून येणार आहे. सोसायटीचा वॉचमन सकाळी सहाला हजर, किल्ल्या मात्र सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी येणार दहाला. वॉचमनला 'सहाला गेट उघड' असं सांगून ठेवलं असेल तर काय होणार? संगणकात तर गेट उघडण्यापर्यंत वेळच येत नाही. बांधणीच्या शेवटी सगळे तुकडे जोडताना कळतं की या नावाचं काही सापडत नाही, आणि काम तिथेच थांबतं.

म्हणजे नातं नेमकं असं : 'तू असलास तरी चालेल, नसलास तरी चालेल. पण असलास तर माझ्यानंतर येऊ नकोस.' हे तीन मूल्यांच्या भाषेत कसं लिहायचं? आता ते आपलं वाक्य घ्या.

वायरगार्ड अवलंबून आहे : आयपीव्ही६ किंवा आयपीव्ही६ नाही.

आकडे घाला. आयपीव्ही६ वाय असेल तर २ किंवा ०, मोठं २. वायरगार्डला पूर्ण मुभा. आयपीव्ही६ एन असेल तर ० किंवा २, पुन्हा २, पूर्ण मुभा. आयपीव्ही६ एम असेल तर १. आणि 'नाही' म्हणजे दोनातून एक गेला, तोही १. एक किंवा एक, मोठं एकच. म्हणजे वायरगार्ड फार तर एम. वॉचमनलाही दहालाच बोलवा!

दोन मूल्यांच्या जगात जे वाक्य काहीच सांगत नव्हतं, तेच तिसरं मूल्य आल्याबरोबर एकच गोष्ट सांगू लागलं, आणि नेमकी हवी तीच. मला हे प्रथम कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून गॅलरीत फेऱ्या घातल्या. लुकासिएविचच्या तर्कशास्त्रात मधल्या मूल्यापाशी 'क किंवा क नाही' पूर्ण खरं ठरत नाही, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षं सांगतो, पोरं माना डोलावतात आणि डबा खायला जातात. त्या 'पूर्ण खरं नाही'चा असा कामाचा उपयोग कोणी करून घेईल असं वाटलं नव्हतं.

पण ही युक्ती कळायला अवघड आहे, आणि कळायला अवघड गोष्टीचं जे होतं ते झालं. लोकांनी सोपा मार्ग शोधला. त्याची कथा सांगतो, ती घड्याळाची आहे.

नेटवर्कवरच्या संगणकांची घड्याळं अतिशय बारीक फरकापर्यंत जुळवण्याची एक पद्धत आहे, पीटीपी. तिचं मानक २००२ मध्ये आलं, क्रमांक १५८८. नेटवर्क कार्ड स्वतःच, पाकीट निघतानाच्या क्षणी, त्यावर वेळेचा शिक्का मारतं. हे हवं कोणाला? आपल्या बांद्रा-कुर्ला संकुलातला राष्ट्रीय शेअर बाजार घ्या. एकाच किमतीच्या दोन मागण्या आल्या तर जी आधी आली ती पुढे. 'आधी' हे आता सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागांत मोजायचं असतं, मग सगळ्यांची घड्याळं एकमेकांशी पटायला नकोत? (जाता जाता : याच शहराने १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आल्यावरही एकोणचाळीस मिनिटं मागे असलेला आपला 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडला नव्हता.) तर लिनक्समध्ये पीटीपी २०११ मध्ये आलं आणि एकामागून एक नेटवर्क ड्रायव्हर ते वापरू लागले.

वापरू लागले ते कसे? 'सिलेक्ट' करून. मला घेतलंत की पीटीपी घ्याच. आता पीटीपीला स्वतःला कर्नेलमधले एका प्रकारचे टायमर लागतात. २०१६ मध्ये निकोला पित्र हे अगदी लहान यंत्रांसाठी कर्नेल बारीक करत होते. त्यांना ते टायमर काढून टाकायचे होते. पण नेटवर्क ड्रायव्हर पीटीपीला ओढतो, पीटीपीला टायमर हवेत, म्हणजे एका साध्या नेटवर्क कार्डापायी टायमर काढता येईनात. आणि त्या कार्डाला खरं म्हणजे दोन्ही नसलं तरी चालणार होतं. सिलेक्टची दांडगाई ती हीच. म्हणून त्यांनी तिसरा शब्द आणला, 'इम्प्लाय'. म्हणजे सुचवतो, बळजबरी नाही. फेब्रुवारी २०१७ च्या ४.१० या आवृत्तीत तो आला आणि ड्रायव्हरांतले 'सिलेक्ट' बदलून 'इम्प्लाय' झाले.

सुरुवातीला या शब्दाला एक दात होता. सुचवणारा वाय असेल तर सुचवलेला वाय किंवा एन होऊ शकत होता, एम नाही. म्हणजे वॉचमन-किल्लीचा घोटाळा टळत होता. २०२० मध्ये के-कॉन्फिग सांभाळणारे मासाहिरो यामादा यांनी इम्प्लाय सोपा केला, तो निव्वळ सूचना राहिला. शब्दाच्या दृष्टीनं ते जास्त सरळ होतं. पण दात गेला! ड्रायव्हर वाय, पीटीपी एम, ही जोडी पुन्हा शक्य झाली, आणि इंटेलच्या 'आइस' या ड्रायव्हरात बांधणी मोडली.

ऑगस्ट २०२१ मध्ये आर्न्ड बर्गमन यांनी हे निस्तरलं. त्यांचं निदान मला फार आवडतं : हा शब्द लोकांना वाटतं ते करतच नाही. लोकांना वाटतं तो संबंध सांगतो. तो फक्त विनंती करतो. बर्गमन यांनी अनेक ड्रायव्हरांतला इम्प्लाय काढून तिथे पुन्हा 'डिपेन्ड्स ऑन' घातलं. कशावर? त्यांनी एक नवी, यादीत न दिसणारी संज्ञा तयार केली, 'पीटीपी-ऐच्छिक' म्हणू तिला. तिचं मूल्य असं ठरतं : पीटीपी एन असेल तर ही वाय, नाही तर पीटीपीचं जे मूल्य तेच हिचं. कागदावर करून बघा. पीटीपी वाय, ही वाय. पीटीपी एम, ही एम. पीटीपी एन, ही वाय. म्हणजे 'पीटीपी किंवा पीटीपी नाही' याचाच तक्ता! फक्त ते कोड्यासारखं वाक्य अनेक ठिकाणी लिहिण्याऐवजी एका जागी, नाव देऊन आणि शेजारी चार ओळी समजावून लिहिलं. संस्कृत शास्त्रकार परिभाषासूत्र एकदाच करून ठेवतात, त्यातला प्रकार.

२०११ ते २०२१. 'असलास तर बरं, नसलास तर अडत नाही, पण माझ्यानंतर येऊ नको' एवढं साधं नातं नीट लिहायला दहा वर्षं लागली. आणि लक्षात घ्या, या सगळ्या काळात कार्डं ठीक होती, ड्रायव्हरांचं काम ठीक होतं. बिघाड नात्याच्या वर्णनात होता.

(एक श्रोता : सर, अशा जोड्या तपासतं कोण? दहा हजार प्रश्न म्हणालात.)

सगळ्या जोड्या कोणीच तपासू शकत नाही. नुसते हो-नाहीचे तीनशे प्रश्न घेतले तरी उत्तरपत्रिकांची संख्या विश्वातल्या अणूंच्या अंदाजापेक्षा मोठी होते. म्हणून 'रँडकॉन्फिग' नावाची सोय आहे. ती प्रश्नपत्रिका डोळे मिटून, नियमांत बसेल अशी, वाटेल तशी भरते, आणि मग कर्नेल बांधून बघायचा, मोडतो का. बर्गमन यांनी असं करून चुका शोधण्याचं आणि दुरुस्त करण्याचं काम वर्षानुवर्षं केलंय. मला विचाराल तर ही उत्तम विद्वत्ता आहे, आणि तिला कोणी पुरस्कार देत नाही.

आता जुन्या संगणकाकडे वळू. स्वस्त मदरबोर्डांवर रिअलटेकची गिगाबिट चिप सर्रास असते, तिचा ड्रायव्हर आर८१६९. त्याची प्रश्नपत्रिकेतली नोंद आदर्श आहे : चिपच्या ज्या भागात केबल येते त्याच्यासाठी एक वेगळा छोटा ड्रायव्हर लागतो, 'रिअलटेक' याच नावाचा, आणि आर८१६९ त्याला सिलेक्ट करतो. बांधणीपुरतं सगळं चोख. दोन्ही मॉड्यूल तयार होतात, डिस्कवर जातात.

पण समजा, एखाद्या अभ्यासिकेत हार्ड डिस्क गेलेले चार संगणक आहेत आणि ते पाचव्यावरून, नेटवर्कवरूनच सुरू करायचे आहेत. तेव्हा सुरुवातीला लागणाऱ्या मोजक्या मॉड्यूलांची एक शिदोरी बांधून द्यावी लागते, तिला इनिट-रॅम-एफएस म्हणतात. शिदोरी बांधणाऱ्यानं आर८१६९ घेतला आणि रिअलटेक विसरला. का विसरला? तर एक मॉड्यूल दुसऱ्यातली कामं नावानं बोलावत असेल तर ते अवलंबन साधनांना आपोआप कळतं. इथे आर८१६९ रिअलटेकला थेट हाक मारतच नाही. दोघांची गाठ एका तिसऱ्या, मधल्या व्यवस्थेमार्फत पडते. नावानं हाक नाही, म्हणून नोंद नाही. त्यासाठी आर८१६९ च्या पोटात एक वेगळी चिठ्ठी लिहून ठेवली, की माझ्याआधी रिअलटेकला आणा. हिला सौम्य अवलंबन म्हणतात. शिदोरी बांधणारं साधन ती चिठ्ठी वाचत असेल तर ठीक. शिदोरी हातानं बांधली असेल तर चिठ्ठी कोण वाचणार? अशा वेळी ड्रायव्हर सुरू होता होता थांबतो आणि एक संदेश छापतो. त्याचा आशय, केबलच्या भागाचा खास ड्रायव्हर सापडला नाही, रिअलटेक शिदोरीत घालायचा राहिला असेल का? यंत्रानं एवढ्या नेमकेपणानं शंका विचारावी हे दुर्मीळ आहे. ज्यानं तो संदेश लिहिला त्यानं पुष्कळांच्या रात्री वाचवल्या असतील.

बांधताना कोण हवं, सुरू होताना कोण आधी हवं, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचं उत्तर बरोबर असून दुसऱ्यात आपटता येतं.

आणखी एक, मग थांबतो. पुष्कळ जण तक्रार करतात, "आमच्या कार्डाचा ड्रायव्हर लिनक्समध्ये नाहीच. यादी वरपासून खालपर्यंत पाहिली." मीमांसकांनी आणि वेदान्त्यांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं : जमिनीवर घडा दिसत नाही, त्यावरून घडा नाही हे कळतं. पण त्यांनी अट घातली, योग्यानुपलब्धी. घडा असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती असली पाहिजे. अंधारात घडा दिसला नाही तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. के-कॉन्फिगच्या यादीत अटी पुऱ्या न झालेला प्रश्न दिसतच नाही, हे मघाशी सांगितलं. म्हणजे ती यादी अर्ध्या अंधारातली आहे. तिथे न दिसणं हे नसण्याचं प्रमाण होत नाही.

दिवा लावायची सोय आहे. मेन्यूकॉन्फिग उघडलंत की तिरक्या रेघेचं बटण दाबा आणि नाव टाका. लपलेले प्रश्नसुद्धा दिसतात, आणि प्रत्येकापाशी लिहिलेलं असतं, हा कशावर अवलंबून आहे, त्या आधाराचं आत्ता मूल्य काय, आणि कोण याला सिलेक्ट करतंय. आधी तो आधार चालू करा, मग प्रश्न यादीत उगवेल. उत्तरांची फाइल थेट हातानं खोडू नका. अट पुरी नसेल तर तुम्ही लिहिलेलं वाय पुढच्या फेरीत गुपचूप पुसलं जातं, आणि माणूस यंत्रावर भूत असल्यासारखा संशय घेत बसतो.

(एक श्रोता : आणि सर, वायफाय?)

वायफायचं कलम वेगळं. तिथे बऱ्याच चिपांना ड्रायव्हर असूनही भागत नाही, चिपच्या आत चढवायचं फर्मवेअर लागतं, आणि ते कर्नेलच्या प्रश्नपत्रिकेत नसतं. डेबियनसारखी तत्त्वनिष्ठ मंडळी मुक्त नसलेलं फर्मवेअर आपल्या अधिकृत प्रतीत घालतच नव्हती. २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते घालायला सुरुवात केली. त्या वादात दोन्ही बाजूंना सबळ कारणं होती, त्यावर पुढच्या वेळी बोलू. तोवर जुना लॅपटॉप असेल तर डेबियन १२ किंवा त्यानंतरची प्रत घ्या आणि पहिल्या दिवशी केबल लावूनच सुरू करा.